भारताच्या १७ वर्षांखालील संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी: तक्ता नेमका कसा मांडावा?

निळीजर्सी (प्रश्न)

भारताच्या मुलांच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाची आंतरराष्ट्रीय कामगिरी एका तक्त्यात मांडायची आहे. शाळेच्या आणि क्लबच्या संघांतली मुलं वाचतील, प्रशिक्षक भिंतीवर लावतील, असा तक्ता हवा. अडचण अशी की दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. कुणी साफ या दक्षिण आशियाई स्पर्धेचे विजय धरून बेरीज करतं, कुणी दौऱ्यावरचे मैत्रीपूर्ण सामनेसुद्धा त्यात घालतं. कुठे संघाचं नाव अंडर-१६, कुठे अंडर-१७, तर कुठे अंडर-१५.

विचारायचं ते असं. कोणते सामने एकत्र धरायचे आणि कोणते वेगळे ठेवायचे? आशियाई आणि जागतिक पातळीवरचे निकाल मांडले तर खरं चित्र काय दिसतं? आणि दक्षिण आशियात सतत जिंकणारा हा संघ वरच्या पायरीवर का अडतो, याचं उत्तर त्या निकालांतच सापडतं का?

कॉर्नरफ्लॅग

एकच मोठी बेरीज करू नका, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. चार पायऱ्या पाडा: दक्षिण आशियाई म्हणजे साफ, आशियाई पात्रता फेरी, आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी आणि विश्वचषक. मैत्रीपूर्ण आणि निमंत्रितांचे सामने पाचव्या, वेगळ्या कागदावर. ते मुख्य बेरजेत कधीच नकोत.

अंडर-१६ की अंडर-१७ हा गोंधळ जन्मतारखेच्या अटीने सुटतो. आशियाई स्पर्धा विश्वचषकाच्या आदल्या वर्षी व्हायची, म्हणून तिचं नाव अंडर-१६. पण ती त्याच मुलांची पात्रता स्पर्धा होती. मलेशियातल्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेसाठी १ जानेवारी २००२ किंवा त्यानंतरचा जन्म ही अट होती आणि २०१९ च्या विश्वचषकासाठीही तीच. पुढे आशियाई स्पर्धा विश्वचषकाच्याच वर्षी घ्यायला लागले, नाव अंडर-१७ आशियाई चषक झालं. म्हणून प्रत्येक ओळीत स्पर्धेच्या नावाशेजारी जन्मतारखेची अट लिहा. २०१७: १ जानेवारी २०००. २०१९: २००२. २०२३: २००६. २०२५: २००८. २०२६: २००९. कोणती पिढी कुठे खेळली ते वाचणाऱ्याला लगेच कळेल.

साफमध्ये मात्र वयोगट खरोखरच बदलत गेला आहे. २०११, २०१३ आणि २०१५ ला अंडर-१६, २०१७ ते २०१९ अंडर-१५, २०२२ ला अंडर-१७, २०२३ ला अंडर-१६ आणि २०२४, २०२५ ला पुन्हा अंडर-१७. मालिका एकच आहे, म्हणून ती एका रकान्यात चालेल, पण त्या-त्या वर्षीचा वयोगट लिहायलाच हवा. भारताची विजेतेपदं २०१३, २०१७, २०१९, २०२२, २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सात. २०११ ला पाकिस्तान जिंकलं, २०१५ आणि २०१८ ला बांगलादेश.

मैत्रीपूर्ण सामन्यांबाबत विशेष जपा. मे २०१७ मध्ये भारताच्या अंडर-१७ संघाने इटलीला २–० हरवल्याची बातमी देशभर गाजली होती. समोरचा संघ इटलीचा अधिकृत राष्ट्रीय संघ नव्हता, तिथल्या खालच्या विभागांतल्या क्लबांमधून निवडलेला होता, हे नंतर स्पष्ट झालं. अजूनही बऱ्याच तक्त्यांत ‘इटलीवर विजय’ असं दिसतं. मुलांनी खेळ चांगला केला यात वाद नाही, पण ती नोंद राष्ट्रीय संघाविरुद्धची म्हणून लावता येत नाही.

सेकंडबॉल

कॉर्नरफ्लॅग यांनी रचना सांगितली, मी त्यात आकडे भरतो. २०१६ ते २०२५ या दहा वर्षांतल्या आशियाई अंतिम फेऱ्या आणि विश्वचषक एवढेच धरले आहेत, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

२०१६, आशियाई अंडर-१६, गोवा (यजमान): संयुक्त अरब अमिरातीकडून २–३, सौदी अरेबियाशी ३–३, इराणकडून ०–३.

२०१७, विश्वचषक, तिन्ही सामने दिल्लीत (यजमान): अमेरिकेकडून ०–३, कोलंबियाकडून १–२, घानाकडून ०–४.

२०१८, आशियाई अंडर-१६, मलेशिया: व्हिएतनामवर १–०, इराणशी ०–०, इंडोनेशियाशी ०–०, उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाकडून ०–१.

२०२३, अंडर-१७ आशियाई चषक, थायलंड: व्हिएतनामशी १–१, उझबेकिस्तानकडून ०–१, जपानकडून ४–८.

बेरीज करा. १३ सामने, १ विजय, ४ बरोबरी, ८ पराभव. केलेले गोल १२, खाल्लेले २९. आणि तो एकमेव विजय ८६व्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने मारलेल्या पेनल्टीवरचा. दक्षिण आशियात याच वयोगटात सात विजेतेपदं आणि इथे १३ सामन्यांत एक विजय. तक्त्यात सगळं एकत्र केलंत तर ही दरी झाकली जाते, म्हणूनच पायऱ्या वेगळ्या ठेवायला हव्यात.

आता या चार स्पर्धांचा पोत बघा. २०१६ ला तीन सामन्यांत पाच गोल केले, नऊ खाल्ले. २०१८ ला चार सामन्यांत एक केला, एक खाल्ला. २०२३ ला पुन्हा उलटं: पाच केले, दहा खाल्ले. बचाव आवळला की गोल होत नाहीत आणि पुढे सरकलं की मागे भगदाड पडतं. दोन्ही गोष्टी एकाच स्पर्धेत साधलेल्या अजून दिसत नाहीत. माझ्या मते या संघाच्या नोंदीतलं सगळ्यात बोलकं सत्य हेच आहे.

२०१७ चे नऊ गोल मिनिटांनुसार लावले तर आणखी स्पष्ट होतं. अमेरिका: ३० (पेनल्टी), ५१, ८४. कोलंबिया: ४९, ८३. घाना: ४३, ५२, ८६, ८७. म्हणजे तीन गोल मध्यंतरानंतरच्या पहिल्या सात मिनिटांत आणि चार गोल ८३ ते ८७ या पाच मिनिटांत. नऊपैकी सात गोल या दोन छोट्या खिडक्यांत! मधल्या अर्ध्या तासात, ५३ ते ८२ मिनिटांत, तिन्ही सामने मिळून एकही गोल खाल्लेला नाही. हा संघ पूर्ण ९० मिनिटं तुडवला गेला असं जे म्हटलं जातं ते खरं नाही.

कोलंबियाचा सामना तर प्रत्येक युवा प्रशिक्षकाने मिनिटामिनिटाने बघावा. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जिकसन सिंगने हेडरने गोल केला. कुठल्याही फिफा विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. पुढच्याच मिनिटाला हुआन पेन्यालोझाने दुसरा गोल करून सामना काढून घेतला. गोल झाल्यावर संघ आपोआप आठ-दहा पावलं पुढे सरकतो, मधली फळी आणि बचावफळी यांच्यातलं अंतर वाढतं, आणि सुरुवातीच्या किकनंतरचा पहिलाच लांब पास त्या मोकळ्या जागेत जातो. यावरचा सराव सोपा आहे. सराव सामन्यात आपला गोल झाला की प्रशिक्षकाने तिथूनच पाच मिनिटं वेगळी मोजायची. त्या पाच मिनिटांत दोन बचावात्मक मधले खेळाडू मध्यरेषा ओलांडणार नाहीत, थ्रो-इन आणि गोल-किक घाईने घ्यायच्या नाहीत. मध्यंतरानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांनाही हाच नियम.

बाद_फेरी

सेकंडबॉल, आकडे चोख आहेत, पण २०१८ च्या संघाला तुम्ही ‘एक गोल केला’ एवढ्यावर आवरलंत ते मला पटत नाही. तो संघ या नोंदीतला सर्वोत्तम आहे आणि त्याचं कारण फक्त बचाव नाही, गटाचं गणित त्यांना नीट सांभाळता आलं हेही आहे.

गट असा होता. इंडोनेशिया आणि भारत दोघांचे पाच-पाच गुण, इंडोनेशियाचा गोलफरक +२, भारताचा +१. इराण चार गुणांवर राहिला. त्याच इराणने व्हिएतनामला ५–० ने धुतलं. साखळी सामन्यात भारताने अशा संघाला गोल करू दिला नाही, म्हणून तो बाहेर गेला आणि भारत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. २००२ नंतर प्रथमच. गोलरक्षक नीरज कुमार आणि पुढची बचावफळी यांनी साखळीत एकही गोल खाल्ला नाही. बिबियानो फर्नांडिस प्रशिक्षक होते.

नोंद मांडताना आणखी एक गोष्ट लिहा. त्या वेळी आशियातून विश्वचषकासाठी चारच जागा होत्या, त्यामुळे उपांत्य फेरी गाठणं भाग होतं. कोरियाविरुद्धचा ०–१ हा पराभव म्हणजे २०१९ च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाच्या दारातून परत येणं होतं. जपान, ताजिकिस्तान, दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलिया गेले. ताजिकिस्तान त्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि जपानकडून फक्त ०–१ हरला. मध्य आशियातल्या ताजिकिस्तानसारख्या देशाला जे जमलं ते भारताच्या आवाक्याबाहेरचं नव्हतं.

आता नियम बदलला आहे. २०२५ पासून अंडर-१७ विश्वचषक दरवर्षी, ४८ संघांचा आणि २०२९ पर्यंत कतारमध्ये. यजमान कतार धरून आशियाला नऊ जागा. आशियाई चषकात १६ संघ, चार गट, प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत आणि तिथे पोहोचणारे थेट विश्वचषकात. २०१८ चा निकाल आजच्या नियमांत बसवला तर तो संघ साखळीनंतरच विश्वचषकाला पात्र ठरला असता! म्हणून तक्त्यात ‘त्या वर्षी आशियाच्या जागा किती’ हा रकाना घाला. जुन्या आणि नव्या पिढीची तुलना त्याशिवाय न्याय्य होत नाही.

सेकंडबॉल

जागांचा रकाना हवाच, मान्य. पण पाच गुणांच्या गटात एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर भारत तिसरा असता, हेही लक्षात असू द्या. ०–० हे नियोजन पुन्हापुन्हा चालत नाही. कोरियाने ६७ मिनिटं वाट पाहिली आणि एक गोल पुरला. मागे पडल्यावर सामन्यात परत येण्याची दुसरी वाटच तयार नव्हती. त्या संघाचं कौतुक मीही करतो, पण त्यातून शिकायचं असेल तर हा भाग वगळू नये.

बाद_फेरी

हे मान्य. म्हणूनच ३० नोव्हेंबर २०२५ चा सामना मला जास्त महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादची पात्रता फेरी, गटात इराण, लेबनॉन, पॅलेस्टाईन, चायनीज तैपेई. पॅलेस्टाईनशी १–१, तैपेईवर ३–१, लेबनॉनकडून ०–२, आणि शेवटी इराणविरुद्ध जिंकल्याशिवाय गत्यंतर नाही. इराणने आधी गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर दल्लालमुओन गांगतेने पेनल्टीवर बरोबरी साधली, ५२व्या मिनिटाला गुनलेइबा वांगखेईराकपमने २–१ केलं आणि पुढची जवळजवळ चाळीस मिनिटं ती आघाडी टिकवली. मागे पडून, जिंकणं अनिवार्य असताना, इराणसारख्या संघाला हरवून २०२६ च्या आशियाई चषकाचं तिकीट. इथेही प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिसच.

निळीजर्सी

खूप उपयोगी. दोन शंका. पेनल्टी शूटआऊटवर जिंकलेला सामना विजय म्हणून मोजायचा का? आणि २०२० चं काय करायचं? काही ठिकाणी भारत पात्र झाल्याचं लिहिलंय, पण सामने कुठेच दिसत नाहीत.

कॉर्नरफ्लॅग

शूटआऊट: सामन्याच्या नोंदीत बरोबरी, शेजारी कंसात शूटआऊटचा निकाल, आणि ‘पुढे गेला’ किंवा ‘विजेता’ अशी वेगळी खूण. २०२५ च्या साफ अंतिम सामन्यात कोलंबोत भारत–बांगलादेश २–२, शूटआऊट ४–१. विजेतेपद भारताचं, पण विजयांच्या रकान्यात हा सामना येत नाही. केलेल्या-खाल्लेल्या गोलांत शूटआऊटचे गोल धरायचे नाहीत. बरेच आकडे न जुळण्याचं कारण हेच असतं. समोरचा संघ न आल्यामुळे किंवा अपात्र ठरल्यामुळे ३–० असा निकाल दिला गेला असेल तर तो तिरक्या अक्षरांत लिहा आणि गोलांच्या बेरजेतून वगळा.

२०२०: सप्टेंबर २०१९ मध्ये ताश्कंदच्या पात्रता फेरीत भारताने तुर्कमेनिस्तानला ५–०, बहारीनला ५–० हरवलं आणि यजमान उझबेकिस्तानशी १–१ बरोबरी केली. गोलफरक +१०! अंतिम फेरी बहारीनमध्ये होणार होती, भारताच्या गटात दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया आणि उझबेकिस्तान होते. कोविडमुळे स्पर्धा रद्द झाली, २०२१ चा विश्वचषकही रद्द. तक्त्यात ‘पात्र, स्पर्धा रद्द’ अशी ओळ ठेवा. रिकामी सोडलीत तर वाचणाऱ्याला वाटेल संघ पात्रच ठरला नव्हता. २००४ साली जन्मलेल्या त्या पिढीची मेहनत निदान एका ओळीत तरी दिसली पाहिजे.

पात्रता फेरीच्या पायरीवरच्या आणखी दोन ओळी. ऑक्टोबर २०२२, दम्माम: मालदीववर ५–०, कुवेतवर ३–०, म्यानमारवर ४–१, सौदीकडून १–२. गटात दुसरा, तरी सर्वोत्तम उपविजेत्यांत बसल्यामुळे २०२३ साठी पात्र. ऑक्टोबर २०२४, थायलंड: ब्रुनेईवर १३–०, तुर्कमेनिस्तानवर १–०, थायलंडकडून २–३. गटात दुसरा आणि या वेळी बाहेर. दोन्ही वेळा यजमानाकडून एका गोलाने पराभव, परिणाम मात्र उलटे. गटांतली संघसंख्या असमान असली तर उपविजेत्यांची तुलना करताना मोठ्या गटातल्या तळाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळतात, त्यामुळे १३–० सारख्या मोठ्या विजयाच्या भरवशावर राहता येत नाही. पात्रतेचं नियोजन करणाऱ्याने बरोबरीच्या ताकदीच्या संघाविरुद्धचा एक गुण जास्त मोलाचा मानावा. २०२६ च्या पात्रतेत तर उपविजेत्याला जागाच नव्हती, फक्त गटविजेते पुढे गेले.

मनगट_एमआरआय

एक विषय कुणी काढला नाही. या वयोगटाची कुठलीही नोंद वय-तपासणीशिवाय नीट वाचता येत नाही.

फिफा २००९ च्या अंडर-१७ विश्वचषकापासून मनगटाची एमआरआय चाचणी वापरते. पुढच्या हाताच्या अंगठ्याकडच्या हाडाच्या, म्हणजे रेडियसच्या, मनगटाजवळच्या टोकाला वाढीची चकती असते. वय वाढतं तशी ती हाडात मिसळत जाते. एमआरआयमध्ये या मिसळण्याच्या सहा श्रेणी पाडल्या आहेत. सहावी म्हणजे चकती पूर्ण बुजलेली. १७ वर्षांखालच्या मुलात अशी अवस्था अगदी क्वचित दिसते, म्हणून सहावी श्रेणी आली की खेळाडू बाहेर. एक्स-रेऐवजी एमआरआय घेण्याचं कारण, निरोगी मुलांना किरणोत्सर्ग द्यावा लागत नाही. मुलींमध्ये चकती लवकर बुजते, त्यामुळे ही चाचणी मुलांपुरतीच ठेवली आहे.

संघबांधणीत गडबड होते ती इथे. १५–१६ वर्षांच्या गटात ज्याचं शरीर लवकर वाढलं तो मैदानावर उठून दिसतो, निवडला जातो, दोन वर्षं संघ त्याच्याभोवती बांधला जातो. स्पर्धेआधी चाचणी होते आणि मधल्या फळीचा कणाच नाहीसा होतो. आयत्या वेळी आलेल्या मुलाला सेट-पीसच्या, म्हणजे कॉर्नर आणि फ्री-किकच्या, जागासुद्धा पाठ नसतात. उपाय वेळापत्रकात आहे. पहिल्या निवड शिबिरातच चाचणी, पाचव्या श्रेणीतल्या मुलांची काही महिन्यांनी पुन्हा चाचणी, आणि त्यांच्या जागेसाठी दुसरा खेळाडू आधीपासून त्याच सामन्यांत खेळवलेला. चाचणी पार केली म्हणजे जन्मदाखला खरा ठरला असं नाही, हेही सांगायला हवं. श्रेणी सहाच्या आत असलेला जास्त वयाचा खेळाडू त्यातून सुटू शकतो. म्हणून दाखला, शाळेची नोंद आणि चाचणी तिन्ही पाहावं लागतं.

दुसरा मुद्दा जन्मवर्षाचा. २०२३ पर्यंत विश्वचषक एक वर्षाआड असल्यामुळे अट २०००, २००२, २००४, २००६ अशी सम वर्षांची होती. २००१, २००३ आणि २००५ साली जन्मलेली मुलं प्रत्येक वेळी आपल्यापेक्षा वर्षभर मोठ्या मुलांशी स्पर्धा करत होती. १५ आणि १६ या वयांत एका वर्षाचा फरक उंचीत, वेगात, टकरीत थेट दिसतो. या पिढ्यांतली कितीतरी मुलं राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोहोचलीच नाहीत. आता स्पर्धा दरवर्षी असल्यामुळे प्रत्येक जन्मवर्षाला आपली संधी मिळते. २००९ साली जन्मलेल्यांना २०२६, २०१० साली जन्मलेल्यांना २०२७. मात्र याचा अर्थ संघटनेला आता दोन-दोन जन्मवर्षांचे संघ एकाच वेळी तयार ठेवावे लागणार. एक पात्रता खेळतोय, दुसरा शिबिरात. आधीसारखी दोन वर्षांची उसंत उरलेली नाही.

लाईन्समन७४

अंडर-२० संघाचाही तक्ता कराल तर तो कागद वेगळा ठेवा आणि त्याच्या वरच्या ओळीत १९७४ ठळक लिहा. बँकॉकमधल्या आशियाई युवा स्पर्धेत भारत आणि इराण यांचा अंतिम सामना २–२ सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. शब्बीर अली कर्णधार होते. युवा गटात आशियाचं विजेतेपद भारताकडे एवढं एकच आहे. फिफाची जागतिक युवा स्पर्धा १९७७ मध्ये ट्युनिशियात सुरू झाली, म्हणजे या संघाच्या वेळी पुढची पायरी अस्तित्वातच नव्हती. ‘भारत कधीच जागतिक युवा स्पर्धेसाठी पात्र ठरला नाही’ असं सरसकट लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

त्यानंतरचा इतिहास कठीण आहे. २००६ ची आशियाई युवा स्पर्धा भारतातच झाली, त्यानंतर अंतिम फेरी गाठलेली नाही. २०२४ ची पात्रता फेरी बघा: मंगोलियावर ४–१, लाओसवर २–०, इराणकडून ०–१, आणि बाहेर. साफमध्ये याच गटातल्या वेगवेगळ्या वयमर्यादांच्या स्पर्धा २०१९, २०२२, २०२३ आणि २०२५ ला जिंकल्या आहेत. म्हणजे १७ खालच्या संघाचंच चित्र इथेही.

ऑगस्ट २०१८ मध्ये स्पेनमधल्या कोटिफ स्पर्धेत भारताच्या अंडर-२० संघाने अर्जेंटिनाच्या अंडर-२० ला २–१ हरवलं. दीपक टांगरी आणि अन्वर अली यांचे गोल, आणि दुसऱ्या सत्राचा मोठा भाग दहा खेळाडूंनिशी. समोर लिओनेल स्कालोनी प्रशिक्षक होते, ज्यांनी पुढे २०२२ चा विश्वचषक जिंकला. ही निमंत्रितांची स्पर्धा, म्हणून कॉर्नरफ्लॅग यांच्या पाचव्या कागदावरच जाईल. पण या निकालात एक खोल गोष्ट आहे. अन्वर अली २०१७ च्या विश्वचषक संघातला. त्याच संघातली मुलं विश्वचषकानंतर इंडियन ॲरोज या नावाच्या संघातून आय-लीग या क्लबांच्या स्पर्धेत मोठ्या माणसांविरुद्ध हंगामभर खेळली होती. एकत्र ठेवलेल्या, नियमित सामने मिळालेल्या संघाने काय होतं त्याचा हा पुरावा आहे. इंडियन ॲरोज २०२२ मध्ये बंद झाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सेकंडबॉल

याला जोडून एक रकाना सुचवतो: ‘पुढे वरिष्ठ संघात’. २०१७ च्या संघाने तीन सामने हरले, गोल १–९. नुसता निकाल वाचला तर अपयश. पण त्यातून जिकसन सिंग, सुरेश सिंग वांगजाम, अन्वर अली, लालेंगमाविया, रहीम अली आणि कर्णधार अमरजित सिंग कियाम वरिष्ठ राष्ट्रीय संघात पोहोचले. २१ जणांच्या त्या चमूत ८ जण एकट्या मणिपूरचे होते, आपल्याकडचा म्हणाल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव. युवा संघाची परीक्षा दोन बाजूंनी घ्यायला हवी, निकालांनी आणि पुढे गेलेल्या खेळाडूंनी. हा रकाना नसेल तर साफ जिंकणारी पण वर कुणालाच न पाठवणारी एखादी तुकडी २०१७ पेक्षा सरस दिसेल.

निळीजर्सी

रकाने असे ठरवतोय: तारीख, स्पर्धा व पायरी, जन्मतारखेची अट, घरचं/बाहेरचं/तटस्थ मैदान, प्रतिस्पर्धी, निकाल, गोलांची मिनिटं, आशियाच्या जागा, प्रशिक्षक. आणि प्रत्येक तुकडीच्या शेवटी वरिष्ठ संघात गेलेल्यांची यादी. मुलींच्या संघाचाही असाच तक्ता करायचा आहे, त्यात सुरुवात कुठून करू?

बाद_फेरी

मुलींसाठी दोन टोकं आधी भरा, मधलं आपोआप लागेल. २०२२ चा विश्वचषक भारतात झाला, यजमान म्हणून थेट प्रवेश: अमेरिकेकडून ०–८, मोरोक्कोकडून ०–३, ब्राझीलकडून ०–५. गोल ०–१६. दुसरं टोक ऑक्टोबर २०२५: बिश्केकच्या पात्रता फेरीत किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान दोघांवर २–१ असे विजय आणि २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश, तोही मैदानावर जिंकून मिळवलेला. म्हणून या तक्त्यात ‘यजमान’ आणि ‘पात्रतेतून’ असा भेद रंगाने दाखवा. मुलांच्या तक्त्यातही २०१६ आणि २०१७ या ओळींना यजमानाचा रंग द्या. २०१८, २०२०, २०२३ आणि २०२६ ला दुसरा रंग.

आणि गोलांची मिनिटं लिहिताना ४५+१ ला ४६ करू नका. तसं केलंत तर पहिल्या सत्राच्या शेवटचा गोल दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला जाऊन बसेल आणि सेकंडबॉल यांनी दाखवलेली ती सात मिनिटांची खिडकीच चुकेल.